दिपाचा कडू घास

“दाखला सांगितला की पिशवी उचलून निघून यायचं न्हाई. कुणाला लागला ते बघायचं. आन् दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन बसायचं. बोलायचं काही न्हाई, निसतं बसायचं. बराबर ध्यानात ठेव, निर्मला.”

सोजराबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज निर्मलाच्या कानातून गेला नव्हता. रोज पहाटे ती उठायची, तोंड धुवायची आणि पाण्याचा थेंब घेण्याआधी शास्त्राचा एक अध्याय वाचायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी धरलेला नेम, दोन बाळंतपणं आणि एक टायफॉईड सोडला तर कधी मोडला नव्हता. अध्याय मिटताना तो आवाज हमखास यायचा. तिला त्याची सवय झाली होती, भिंतीवरच्या घड्याळाची होते तशी. त्या रविवारी मात्र तो एकाएकी मोठा झाला, आणि कारण म्हटलं तर अगदी बारीक होतं. निर्मला आमेन म्हणाली होती.

डिसेंबरातला दुसरा रविवार. हिंगोलीतल्या त्यांच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सत्तरएक माणसं सतरंजीवर बसलेली. प्रार्थनाघर चालवणारे ब्रदर शिवहार दहा मुलींचा दाखला, म्हणजे शास्त्रातली गोष्ट, सांगत होते. नवरदेवाला उशीर झाला, पाच जणींच्या दिव्यात तेल होतं, पाच जणींचं सरलं, आणि दार लागलं ते लागलं. हा दाखला निर्मलानं स्वतः रविवारशाळेत किती वेळा सांगितला असेल. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती, पुढच्या बाईच्या वेणीतला सुटलेला पेड बघत होती. मग ब्रदर म्हणाले, “लांब जायची गरज नाही. आपली शिरड शहापूरची बहीण बघा. वचन मिळालं होतं, भविष्यवाणी मिळाली होती. चार दिवस दिवा जळला, पाचव्या दिवशी तेल संपलं. लेकरू गेलं. तेल कुणाचं संपलं? प्रभूचं नाही संपलं. म्हणा आमेन.” आणि सत्तर तोंडांनी आमेन म्हटलं, त्यातलं एक निर्मलाचं. तिनं म्हटलं असं नाही, ते आपोआप निघालं, जांभई यावी तसं. शब्द बाहेर पडल्यावर तो तिला ऐकू आला, स्वतःच्याच आवाजात, हळू, नम्र, नेहमीसारखा. आणि पुढची दोन गाणी ती नुसते ओठ हलवत राहिली.

ती बहीण म्हणजे सिंधूबाई, तिला सगळे ओळखत होते. शिरड शहापूरहून दर रविवारी पहिल्या गाडीनं यायची, शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची, अंगाला शेळ्यांचा वास, म्हणून दोघीतिघी जरा सरकून बसायच्या. नवरा सटवाजी शेळ्यामेंढ्या राखायचा. तो कधी आला नाही, पण अडवलंही नाही त्यानं. “जाऊन येती तर येऊ द्या, घरी भांडण कमी व्हतंय,” असं तो भावकीला सांगायचा म्हणे. बरोबर पोरगी असायची, दिपा, सहावीतली, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटल्याची खपली कायम. सिंधूबाईला वाचता येत नव्हतं, तिचे डोळे म्हणजे दिपा. गाण्याच्या पुस्तकात बोट ठेवून ती आईच्या कानात ओळ सांगायची आणि आई अर्धी ओळ मागून सगळ्यांच्या पुढं मोठ्यानं म्हणायची. तेव्हा लोक हसायचे. निर्मलाही हसली होती.

आता चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. त्यांच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी वचनाची चिठ्ठी काढायची रीत आहे. पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात घड्या केलेली कार्डं असतात, प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायचं, त्यावर जे वचन निघेल ते वर्षभर आपलं. कुणी ते शास्त्रात ठेवतं, कुणी देव्हाऱ्याच्या जुन्या कोनाड्यात, कुणी पाकिटात. ही कार्डं गेली चौदा वर्षं निर्मला लिहीत होती. डिसेंबर लागला की दिवसाला तीन, अध्याय झाल्यावर, पाणी प्यायच्या आधी. तिचं अक्षर गोल आणि ठसठशीत, शाळेतल्या फळ्यावर शोभेल असं. ब्रदर शिवहार चार वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांनी तिला एकच सुधारणा सुचवली. “सिस्टर, थोडक्यात लिहा. वचन म्हणजे औषधाची गोळी. लहान असली की गिळायला सोपी.” तिला ते पटलं होतं. पटलं होतं, हे आता ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. लहान कार्डात गोष्ट कुठं मावते. मग तिनं गोष्टी सोडल्या आणि त्यातला एकएक वाक्याचा तुकडा तेवढा ठेवला.

सिंधूबाईच्या हाताला जे कार्ड आलं ते याईराच्या गोष्टीतलं होतं. सभास्थानाचा मोठा माणूस, बारा वर्षांची मुलगी आजारी, पाय धरतो, वाटेत निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरूजींना कशाला तकलीफ देता. तेव्हा प्रभू त्या बापाला म्हणतो, की घाबरू नको, भरवसा तेवढा धर. निर्मलानं एवढंच लिहिलं होतं. दिपानं ते वर्गात वाचतात तसं उभं राहून, मान ताठ करून वाचलं, आणि ब्रदरनी विचारलं, “किती वर्षांची गं तू?” ती म्हणाली, “उन्हाळ्यात बारा व्हतील.” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पेटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की या वर्षात मरण या लेकराला शिवणार नाही, प्रभू हे माझ्या तोंडून बोलतो आहे. बायका रडल्या. सिंधूबाईनं जमिनीला डोकं टेकवलं. निर्मलाला तेव्हा आपल्या अक्षराचा अभिमान वाटला होता. देवानं एवढ्या कार्डांतून बरोबर तेच उचललं, आणि ते आपल्या हातचं.

अभिमान. सोमवारी सकाळी पहिलं कोरं कार्ड समोर घेऊन बसली तेव्हा हा शब्द तिच्या जिभेवर खिळ्यासारखा लागत होता. सप्टेंबरातली ती दुपार तिला पुन्हा दिसली, ओसरीवर टेकलेली सिंधूबाई, हातात तेच कार्ड, घामानं कोपरे मऊ पडलेले. “बाई, पोरीला ताप हाये. आठ दिस झाले, उतरंना. पोट धरून रडून राहिली. आमचा दवाखानेवाला म्हन्तो नांदेडला न्या. ब्रदर म्हन्तेत, वचन आलंय, भविष्यवाणी झाली, आता सुई-गोळी म्हंजी देवावर शंका. तुमी सांगा. तुमच्या हातचं अक्षर हाये हे.” आणि निर्मला काय म्हणाली? तिला स्वतःला टायफॉईड झाला होता तेव्हा उत्तमरावांनी तिला उचलून दवाखान्यात टाकलं होतं, सतरा दिवस सलाईन. तिच्या पोटावर हात ठेवून डॉक्टर म्हणाले होते, आतड्याला जपलं पाहिजे. हे सगळं तिला माहीत होतं. ती म्हणाली, “ब्रदरनी सांगितलंय तर काही विचार करूनच सांगितलं असेल. मी उपास धरते तिच्यासाठी.” आणि तिनं धरला, प्रामाणिकपणे धरला, तीन दिवस. ब्रदरनीही धरला. उपाशीपोटी सायकलवरून ते शिरडला दोनदा जाऊन आले, एवढं चाळीस किलोमीटरचं ऊन खाऊन. तो माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर तिला कितीतरी बरं वाटलं असतं.

चार दिवस सिंधूबाई थांबली. पाचव्या दिवशी दिपाचं पोट लाकडासारखं झालं तेव्हा तिनं कुणाला न विचारता जीप केली. नांदेडच्या दवाखान्यात एका तरण्या डॉक्टरनं तिला सांगितलं, आतडं फुटलंय, दोन दिवस आधी आणायची. डॉक्टर म्हणाला उशीर केलास, ब्रदर म्हणाले घाई केलीस. या दोन वाक्यांच्या मध्ये एक बाई उभी होती आणि तिच्या हातात तिची मेलेली पोरगी होती. भविष्यवाणी खोटी ठरणं शक्य नव्हतं, म्हणून आई खोटी ठरली. किती सोपं. हिशोबात बसत नाही ते माणूस काढून टाकायचं. आणि हे काढून टाकणं दाखल्याच्या तोंडून. ज्यानं दाखले सांगितले तो कधी कुणाचं नाव घेऊन बोलला का? पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा गर्दीतल्या कुणाकडं बोट करून, तो बघा खडकाळ जमीन, असं म्हणाला का? निर्मलानं लेखणी खाली ठेवली.

सोजराबाई सुद्धा दाखलेच सांगायच्या. मंडळीच्या बायबलबाई होत्या त्या, नऊवारी पातळ, पायात टायरच्या चपला, काखेत चित्रांची गुंडाळी. पुसेगावच्या बाजाराला, सिद्धेश्वरच्या धरणावर कोळ्यांच्या झोपड्यांत, तांड्यांवर, जिथं चार बाया बसतील तिथं गुंडाळी झाडाला टांगायच्या. नवी सून म्हणून निर्मला त्यांच्यामागं पाण्याची कळशी घेऊन चालायची. एकदा एका तांड्यावर त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. किसनसिंग नावाचा एक म्हातारा गोष्ट संपायच्या आधीच उठून गेला. बाकीचे म्हणाले, जाऊ द्या, येडं हाये. सोजराबाई दुसऱ्या दिवशी आठ मैल चालून पुन्हा त्याच्या दारात. दिवसभर बसल्या. संध्याकाळी म्हातारा आपणहून म्हणाला, “बाई, माझा पोरगा पळून गेला तवा मी शोधाया गेलो न्हाई. तुमचा तो मेंढरवाला गेला. म्हनून उठलो मी.” परतताना सोजराबाई म्हणाल्या, “बघ, दाखला लागतो म्हंजी जखम व्हती. जखम करून पळून येणाऱ्याला काय म्हन्तेत? वैद्य न्हाई म्हनत.” आणि मग ते वाक्य, पिशवी उचलून निघून न यायचं.

याच सोजराबाईंनी निर्मलाची सासू गेली तेव्हा कडू घास आणला होता. ज्या घरात माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्याधायऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास घालायचा. ही रीत कुणाच्या देवाची हे सोजराबाईंनी कधी विचारलं नाही. भाकरीवर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि सासऱ्यांच्या तोंडाशी घास नेला. म्हणाल्या, “खा. ज्याला रडायचं त्याला बळ लागतं.”

दिपाला त्यांच्या बांधावर पुरलं. सिंधूबाईनं ते कार्ड तिच्या फ्रॉकच्या खिशात घातलं, सगळ्यांच्या देखत. निर्मलाचं गोल, ठसठशीत अक्षर मातीत गेलं. ब्रदर रडत होते, खरं रडत होते. भावकीतलं कुणी आलं नव्हतं. एक म्हातारा तेवढा लांब उभा राहून सटवाजीला म्हणाला, “घासाची वाट नको बघू आमच्याकून. तुह्या बायकोचा येशू आनील.” सटवाजीनं मान वर केली नाही. तेव्हा निर्मलानं सिंधूबाईचा हात धरला, आणि हळू, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, “मी आणते. उद्या पहिल्या गाडीनं. माझ्या हातचा घास खा.” सिंधूबाईनं मान डोलावली. परतीच्या जीपमध्ये ब्रदर म्हणाले, कडू घास ही अंधारातली रीत आहे, मेलेल्यांची. आपण आशेचे लोक आहोत, सिस्टर, दुःख साजरं करत नाही आपण. आणि दुसऱ्या दिवशी पहिली गाडी निघाली तेव्हा निर्मला आपल्या स्वयंपाकघरात बसून होती. तिसऱ्या दिवशीही. मग आठवडा झाला, आणि आता कुठल्या तोंडानं जायचं, हे कारण आयतं मिळालं. सिंधूबाईचं येणंही थांबलं. त्या घरी घास कुणी नेला? कुणीच नाही. त्या दोघांनी चूल कधी पेटवली, पहिला घास कुणी कुणाच्या तोंडात घातला, हे गावातल्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि निर्मलानं विचारलं नव्हतं. निरोप आला तो वेगळाच. सिंधूबाई नवीन वर्षाला येणार, सगळ्यांसमोर उभी राहून आपली चूक कबूल करणार.

गुरुवारी दुपारी ब्रदर शिवहार सोनेरी काठाच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. उत्तमराव ओसरीवर पेपर वाचत होते. धरणाच्या कालव्यावर पस्तीस वर्षं पाणी मोजलेला माणूस, कुणाच्या बोलण्याला घाई करायचा नाही. ब्रदरनी झालेली कार्डं उचलून बघितली आणि हसले. “सिस्टर, ही तर पाठपोट लिहिलीत. एवढं कोण वाचणार?”

“गोष्ट आहे ना. गोष्टीला जागा लागते.”

“पण गेल्या वर्षी कशी सुटसुटीत होती.”

“गेल्या वर्षी माझ्याकडून राहिलं,” निर्मला म्हणाली. ती चहा गाळत होती, पाठमोरी. “त्या बापाला भरवसा धर म्हणाल्यावर प्रभू तिथंच थांबला नाही. उठून त्याच्यासंगं त्याच्या घरी गेला. दारात रडणारे होते त्यांच्यातून आत गेला. पोरीचा हात धरला. आन् शेवटी काय म्हणाला, ते तर आपण कधी सांगतच नाही. म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. हे सगळं मी कापलं.”

“ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“सिंधूला ठाऊक नव्हतं. तिला वाचता येत नाही. तिची वाचणारी गेली.”

ब्रदरनी हातातली कार्डं खाली ठेवली. मग मऊ आवाजात म्हणाले, “मलाही दुःख आहे. पण मंडळीचा विश्वास डगमगतो आहे, सिस्टर. लोक विचारतात, भविष्यवाणी कशी चुकली. सिंधूताई एक तारखेला उभ्या राहतील, आपला अविश्वास कबूल करतील, मोकळ्या होतील. मी उत्तम दाखला म्हणून...”

“तुमी काहून नाही उभं राहत?”

तिनं हे इतक्या हळू विचारलं की ओसरीवरच्या पेपरची सळसळ थांबली. ब्रदरना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले, चेहरा मात्र तसाच हसरा राहिला, आणि तो हसरा चेहरा बघून निर्मलाला वाटलं, इतकी वर्षं आपण या हसण्याला शांती समजत होतो.

“तुम्ही हळू बोलता,” ते म्हणाले, “पण आत फार कडूपणा साठलाय. यासाठी आपण आत्ताच प्रार्थना करू.” त्यांनी हात उचलला, डोळे मिटले. तिच्या कडूपणासाठी, तिच्या बंडासाठी, तिच्या घरासाठी त्यांनी मागितलं. निर्मलानं डोळे उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थना करणाऱ्या माणसाकडं बघत होती. पस्तिशीचा पोरगा, कॉलर उसवलेली, कपाळावर घाम. त्याचीही कुणीतरी आई असेल, तिनंही त्याच्या तापात रात्री काढल्या असतील. तिला दया आली, पण दयेनं राग कमी झाला नाही. दोन्ही शेजारीशेजारी बसले, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन बायांसारखे. त्यांनी प्रार्थना संपवली आणि थांबले. आमेनची वाट बघत थांबले. स्वयंपाकघरात चहाच्या भांड्यावरची जाळी हलली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. निर्मलानं आमेन म्हटलं नाही.

“चहा निवतोय,” उत्तमराव ओसरीवरून म्हणाले.

शुक्रवार म्हणजे तिच्या उपासाचा दिवस, आणि दहा वाजता प्रार्थनाघरात उपवासाची प्रार्थना. पहाटे तिनं अध्याय वाचला. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे शास्त्र मिटलं, पण चूल पेटवली. ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, पाणी उकळलं. भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, की गेले तीन महिने ती सिंधूबाईकडं काय सांगायला जायचं याचा विचार करत होती, आणि सोजराबाईंनी तर सांगितलं होतं, बोलायचं काही न्हाई. एवढंच मात्र सांगायचं होतं: कार्ड अर्धं होतं, ते मी कापलं, तू विचारायला आलीस तेव्हा मी गप्प बसले, एक तारखेला तू उभी राहायचं नाहीस, आणि राहायचंच असलं तर तुझ्याआधी मी राहीन. एवढं सांगितलं की मग बसायचं. सिंधूबाई दार लावून घेईल कदाचित. सटवाजी शेळ्यांची काठी उगारेल. उगारू दे. शेळ्यांचा वास येतो म्हणून सरकून बसणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला पिठलं हाटताना एकाएकी आठवलं आणि तिनं चमचा जोरात फिरवला.

“शुक्रवार आज,” उत्तमराव दारात येऊन म्हणाले. “उपास नं तुझा?”

“हाय.”

“मग हे?”

“सिंधूचा घास न्यायचाय.”

त्यांनी भाकरींकडं पाहिलं. “तीन महिन्यांनी कडू घास? लोकं हसतील, निर्मला.”

“हसू द्या. मीबी हसले व्हते तिला.”

ते आत गेले, आणि कपाटातून धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आले, त्यांच्या आईच्या वेळचं. “यात बांध. आन् वसमत गाडी पावणेनवाला लागती, औंढ्याला अर्धा तास उभी ऱ्हाती. खिडकी धर. ती तुह्या हातून खाईल का नाही, म्हाईत नाही. पण तिनं दिलं तर तू खा. उपास बिपास काढू नको तिथं.”

तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, पिठल्याचा डबा मध्ये ठेवला, वर एक कांदा. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर तसाच होता, सोनेरी काठ वर करून. रस्त्यावर ऊन नुकतं पसरत होतं. प्रार्थनाघराच्या दारात मोहिनी सतरंज्या झटकत होती. पेटी शिकायला निर्मलानंच तिला बसवलं होतं लहानपणी. “बाई, लवकर आलात,” ती म्हणाली. “आत या, ब्रदर आलेत.”

“आज नाही,” निर्मला म्हणाली.

“मग कुठं?”

“शिरडला.”

मोहिनीच्या हातातली सतरंजी अर्धवट हवेतच राहिली. तिनं आत बघितलं, मग निर्मलाकडं, मग गाठोड्याकडं. गाठोडं अजून गरम होतं. सोजराबाई म्हणायच्या, घास निवायच्या आत पोचला पाहिजे. ते आता होणार नव्हतं, ते तीन महिन्यांपूर्वीच व्हायचं होतं. तरी तिनं पदराचं टोक ओढून त्यावर घेतलं, ते पोटाशी धरलं आणि स्टँडच्या बाजूनं चालू लागली.